शेवाळासाठी वेगळी खोली

माझ्या सासऱ्यांनी समुद्र पाहिलेला नाही, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. तेही त्यांनीच विषय काढला म्हणून.

मी देवगडच्या बाजूची. मागच्या दारी उभं राहिलं की आमच्या घरून समुद्र दिसायचा, आणि दिसला नाही तरी ऐकू यायचा. बँकेत नोकरी लागली, बदल्या होत होत बनारसला आले आणि इथेच दूधविनायकातल्या एका मराठी घरात लग्न होऊन राहिले. सासरे वेदपाठी. दुर्गाघाटाजवळच्या एका पाठशाळेत त्यांनी जन्मभर मुलांना संथा दिली. मी त्यांना मामंजी म्हणते. शिकवणं थांबवल्यावर त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे यापुढे काशीची हद्द ओलांडायची नाही असा संकल्प सोडला. त्याआधीही ते फारसे कुठे गेले नव्हते. प्रयाग, गया, विंध्याचल, बस.

थंडीचे दिवस होते. गच्चीवर उन्हात बसून ते गुडघ्यांना तेल चोळत होते, मी शेजारी मटार सोलत होते.

"सूनबाई, समुद्र कसा असतो ग?"

मी हसले. मला वाटलं, सहज विचारताहेत.

"नाही, खरंच सांग," ते म्हणाले. "मी रोज त्याचं नाव घेतो. संकल्पात, अभिषेकात, पाठात. पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हापासून. पण नाव घेतलं की नजरेसमोर समुद्र येतच नाही. गंगाच येते, जरा जास्त चौडी."

मी सांगायला लागले. खूप मोठा असतो, पलीकडचा काठ दिसत नाही, आवाज करतो, खारट असतो. सांगताना माझ्याच लक्षात आलं की यातून काही कळत नाहीये. मग फोनवर एक व्हिडिओ काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत पाहिला आणि फोन परत दिला.

"हे तर चित्र झालं," ते म्हणाले.

त्या दिवशी माझ्या डोक्यात जे शिरलं ते बाहेर निघेना. मुलगी नोकरीला पुण्याला गेली होती, तळमजल्यावरची तिची खोली रिकामी होती. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवता येते, त्यात प्रवाळ वाढवता येतात, हे मी वाचून होते. वाचत गेले. कलकत्त्याच्या एका विक्रेत्याशी फोनवर बोलत गेले. तो परदेशात टाकीतच वाढवलेले मऊ प्रवाळ कागदपत्रांसकट मागवायचा. आमच्या ह्यांनी, म्हणजे नवऱ्याने, एवढंच विचारलं, "इथल्या उन्हाळ्यात आणि इथल्या विजेवर जमेल?" मी म्हटलं, इन्व्हर्टर आहे, पंखा लावू, बघू.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. टाकी चौकापर्यंत टेम्पोने आली आणि तिथून चौघांनी खांद्यावर घेतली. घोंगडीत गुंडाळलेली, दोरीने बांधलेली, लांबट. समोरून येणारी माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती, आणि दोघा-तिघांनी सवयीने हातही जोडले. मणिकर्णिकेचा स्मशानघाट इथून हाकेच्या अंतरावर. खांद्यावरून जाणारी लांबट वस्तू म्हटली की इथल्या माणसाचे हात आपोआप जुळतात. दुधाच्या दुकानदाराने मागून विचारलं, "माताजी, कौन गया?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, मासे येणार आहेत.

आरओचं पाणी भरलं, त्यात समुद्राचं तयार मीठ मोजून विरघळवलं, पंप लावला. पाणी आधी गढूळ दिसलं, मग संध्याकाळपर्यंत निवळत गेलं. मामंजी दारात खुर्ची टाकून बसले होते. हातात गंगाजलाची छोटी लोटी.

"एक पळी घालू?" त्यांनी विचारलं.

पुस्तकात लिहिलं होतं की बाहेरचं कुठलंच पाणी घालू नये. पण मला नाही म्हणवलं नाही. "एकच पळी," मी म्हटलं.

"शेवटी ती जाते तिथेच ना," असं म्हणत त्यांनी पळी रिकामी केली. मग बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. "एवढं खारट," ते हळूच म्हणाले. "आणि यात जीव राहतात."

पाणी मुरायला बरेच आठवडे दिले. मग कलकत्त्याहून आधी सच्छिद्र दगड आले, नंतर गोगलगाई, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, आणि त्यानंतर प्रवाळ. एक आळंबीच्या छत्रीसारखा, एक बोटं पसरलेल्या हातासारखा, आणि काही छोटे, बटणांएवढे, हिरव्या-जांभळ्या चकत्यांसारखे. पहिल्या दिवशी सगळे मिटून बसले होते. दुसऱ्या दिवशी दिवा लागला आणि आळंबीच्या अंगावर बारीक बारीक फुलं उमलली. प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या, आणि त्या पाण्याबरोबर हलत होत्या.

मामंजींच्या बोटात पोवळ्याची अंगठी आहे. त्यांनी ती काचेजवळ धरली, एकदा अंगठीकडे बघितलं, एकदा आत.

"हे पोवळं म्हणजे यांच्यातलाच कोणी?"

"यांचा लांबचा भाऊबंद. ते त्याचं हाड म्हणा."

"मी याला रत्न समजत होतो," ते म्हणाले. "या तर कोणाच्या अस्थी आहेत." त्यांनी अंगठी काढली नाही, पण तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

पहिले काही महिने सगळं छान होतं. मग वाळूवर तपकिरी धूळ बसायला लागली. पुस्तकात होतं की नव्या टाकीत असं होतं, आपोआप जातं. गेलंही. पण त्याच्यामागून हिरवं आलं. आधी एका दगडावर मखमलीसारखं, मग केसांसारखं लांब. पंधरवडा गेला नसेल, दगडांचे दगड दिसेनासे झाले. मी संध्याकाळी बँकेतून येऊन ते ओढून काढायची, सकाळी पुन्हा तेवढंच. बटणांसारखे प्रवाळ त्या केसांखाली गुदमरून मिटले.

"काई लागली," मामंजी म्हणाले. घाटाच्या पायऱ्यांवर जे शेवाळ लागतं, त्याला इथे काईच म्हणतात.

मी पाणी तपासायचा संच मागवला. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. नायट्रेट असलं तर गुलाबी, फॉस्फेट असलं तर निळं. रंग जितका गडद, तितकं पाण्यात शेवाळाचं खाणं जास्त. माझी पहिली नळी जांभळ्याकडे झुकणारी गुलाबी झाली आणि दुसरी शाईसारखी निळी. मी विक्रेत्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"दीदी, आप खिलाती कितना हैं?"

"चिमूटभर. तेही दिवसाआड."

"तो फिर कोई और खिला रहा है."

मला पटलं नाही. पण त्या रविवारी मी सकाळी खाली उतरले तर मामंजी संध्या आटोपून टाकीजवळ उभे होते. झाकण बाजूला सारलेलं, डाव्या हातात वाटी, आणि वाटीत कणकेच्या गोळ्या. ते लपवत वगैरे काही नव्हते. मला बघून हसले आणि आणखी एक गोळी सोडली. मासे धावले, तोंडात धरून थुंकले, पुन्हा धरली. गोळी विरघळत खाली गेली आणि दगडांमध्ये नाहीशी झाली.

मला एकदम सगळं समजलं. त्यांचं सगळं आयुष्य घाटावर अंघोळ करून माशांना पिठाच्या गोळ्या घालण्यात गेलं होतं. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून पायऱ्या उतरणं बंद झालं होतं. आणि आता मासेच घरी आले होते.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

"मामंजी, गोळ्या घालू नका. त्यानेच काई वाढतेय."

"कणकेने?"

"कणीक सडते, तिचं खत होतं. ते काई खाते."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण गोंधळ होता. "गंगेत तर पिढ्यान् पिढ्या घालतात. कोणाला खाऊ घालणं वाईट कसं होईल?"

"गंगा वाहते. आपण घातलेलं ती पुढे नेते. हे पाणी कुठेच जात नाही. पंप फिरवतो तेवढंच. यात जे टाकलं, ते यातच राहतं."

ते टाकीकडे बघत बसले. आमच्या ह्यांनी वरून चहाला हाक मारली तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इथे दिलेलं जातच नाही."

"जात नाही."

"बहुत कठीण जागा आहे," ते म्हणाले, आणि वाटी माझ्या हातात दिली. "मग मी काय करू? नुसतं बघत बसू?"

मी त्यांना एक जुना दात घासायचा ब्रश दिला आणि दगड कसा घासायचा ते दाखवलं. टाकीचंच पाणी बादलीत काढायचं, दगड त्यात धरायचा, काईत ब्रश फिरवून पीळ द्यायचा, मग ती मुळासकट येते. त्या दिवसापासून ते त्यांचं काम झालं. सोवळं सोडून, पंचा खोचून ते बादलीपुढे पाटावर बसायचे आणि एकेक दगड घासायचे. तोंडाने पाठ चालू असायचा. मी दर आठवड्याला थोडं पाणी बदलत होते, माशांचं खाणं आणखी कमी केलं होतं. दिवा लागायचे तासही कमी केले. स्किमर नावाचं एक नळकांडं आहे, ते पाण्यात बारीक फेस करतं आणि फेसाबरोबर मळ वर आणून एका वाटीत साठवतं. ती वाटी आता मी रोज धुवायची. तिचा वास आमच्या बंदरावर सुकवायला टाकलेल्या मासळीसारखा होता. मला तो आवडायचा. घरात बाकी कोणाला आवडत नसे.

तरी काई जाईना. दिसायला कमी झाली, पण दगड घासून ठेवला की पुन्हा हिरवी झाक धरायचा. विक्रेता म्हणाला, फॉस्फेट दगडात मुरलंय, आता ते हळूहळू बाहेर येत राहणार. मी कंटाळले होते. त्याने फॉस्फेट शोषून घेणारी तांबूस पूड पाठवली. किती वापरायची ते पाकिटावर लिहिलं होतं. मी जास्त वापरली. पाणीही जास्त बदललं.

आणि काई गेली. थोड्याच दिवसांत पांढरी पडून गळून गेली. पाणी असं नितळ झालं की टाकीत पाणी आहे हे मासा हलल्याशिवाय कळेना. नळीत थेंब टाकले तर रंगच आला नाही. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "जिंकलीस."

मामंजी वाकून आत बघत राहिले. दोन-तीन दिवसांनी मी बँकेत निघाले तेव्हा त्यांनी थांबवलं.

"सूनबाई, पाणी सुंदर झालंय. पण हे उदास का आहेत?"

मी वाकून बघितलं. आळंबीसारख्या प्रवाळाची फुलं मिटलेली होती. बटणांचा जांभळा रंग फिका पडून राखेसारखा झाला होता, कडा तर जवळपास पांढऱ्या. इतके दिवस मी फक्त काई बघत होते. ज्यांच्यासाठी ती काढत होते, त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

बँकेतून आल्यावर मी वाचायला बसले, आणि जे वाचलं ते मला आधीही माहीत असायला हवं होतं. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात होतं, पण तेव्हा ते माझ्या मनात उतरलं नव्हतं. मी खाली गेले. मामंजी तिथेच होते.

"मामंजी, यांचा रंग यांच्या एकट्याचा नसतो. यांच्या अंगात एक बारीक काई राहते. कातडीच्या आत. दिसत नाही इतकी बारीक. ती उजेडातून अन्न करते आणि यांना देते. हे जे टाकतात, ते ती खाते. आपण पाण्यातलं सगळंच काढून घेतलं, म्हणून आतली काई उपाशी पडली."

"तीच काई?"

"तिची बहीण म्हणा. वेगळ्या जातीची. पण काईच."

बाहेर गल्लीतून घंटा वाजवत कोणी गेलं.

"बाहेर वाढली तर याला मारते," ते सावकाश म्हणाले, "आणि आत राहिली तर याला जेवू घालते."

"हो."

"आणि हा जो रंग आपण बघत होतो, जांभळा, हिरवा, ती काईच होती."

"काही रंग तिचा, उरलेला तिच्या जिवावर."

त्यांनी काचेवर हात टेकवला. म्हातारा, सुरकुतलेला, पाण्यात राहून राहून बोटांची टोकं पांढरी पडलेला हात. "अजब आहे," ते म्हणाले. "अगदी अजब आहे." मी त्यांना मंत्राचा अर्थ सांगताना खूपदा ऐकलं होतं. त्या वेळी त्यांचा आवाज ठाम असतो. त्या संध्याकाळचा आवाज तसा नव्हता. पहिल्यांदा संथा घेणाऱ्या मुलाचा असावा तसा होता. मी समुद्राकाठी वाढले, पोवळी विकणाऱ्यांशी घासाघीस केली, आणि हे मला आज कळत होतं.

पूड काढून टाकली. माशांना थोडं जास्त खायला घालायला लागले, मोजून. पण मग जुनी काई परत येईल याची भीती होती. विक्रेत्याने उपाय सांगितला, आणि तो ऐकून मी आधी हसलेच. तो म्हणाला, काईला जागा द्या. टाकीच्या खाली कपाटात आणखी एक छोटी टाकी ठेवा. वरचं पाणी तिच्यातून फिरवा. तिथे तारेच्या गुंत्यासारखं एक समुद्री शेवाळ सोडा, त्याच्यावर दिवा लावा. ते पाण्यातलं जास्तीचं खाऊन वाढेल, आणि वरच्या काईला उरणार नाही. फार वाढलं की मूठभर काढून टाका. जे पाण्यातून कुठे जात नव्हतं, ते असं तुमच्या हाताने बाहेर जाईल.

"म्हणजे तिला वेगळी खोली," मामंजी म्हणाले. "बरोबर आहे. एका चुलीवर दोघींचं जमत नाही." सासूबाई असत्या तर या वाक्यावर त्यांना काहीतरी ऐकवलं असतं.

खालचा दिवा वरचा दिवा मालवल्यावर लागायचा आणि सकाळी विझायचा. वर अंधार असताना खाली दिवस. मामंजी पहाटे संध्येला उठायचे तेव्हा कपाटाच्या फटीतून गुलाबी उजेड फरशीवर पडलेला असायचा, आणि ते आधी तिथे थांबून मग नळावर जायचे. शेवाळ नारळाएवढं होतं, ते कलिंगडाएवढं झालं. वर दगडांवर हिरवी झाक राहिली, पण केस आले नाहीत. गोगलगाई ती झाक खात फिरायच्या. नळीतलं पाणी फिकट गुलाबी आणि अगदी फिकट निळं, म्हणजे हवं तेवढंच. बटणांना आधी मधोमध रंग आला, मग कडेपर्यंत पसरला. आळंबी मात्र मिटलेलीच होती. वर मेणासारखा पापुद्रा आला, करडा, मरतुकडा. मी मनातून तिला सोडून दिलं होतं. मामंजी म्हणाले, राहू दे. एका सकाळी तो पापुद्रा सापाच्या कातीसारखा सुटून पाण्यात तरंगत होता, आणि खालून आळंबी दुपटीने फुलली होती.

पहिल्यांदा शेवाळ काढायचं ठरलं तो सुट्टीचा दिवस होता. मी खालच्या टाकीतून मूठभर गुंता उचलला आणि पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात, टाकीच्याच पाण्यात ठेवला. म्हटलं, एखादी गोगलगाय अडकली असेल तर झटकून परत सोडावी. गुंता हलवला तर पाणी हलायला लागलं. म्हणजे मी हात काढून घेतल्यावरही हलत राहिलं.

"मामंजी, जरा इकडे या."

ते पोथी वाचायचं भिंग घेऊन आले. वाडगं खिडकीत उजेडाला ठेवलं. भिंग डोळ्याशी धरून ते वाकले आणि तसेच राहिले. मग त्यांनी भिंग मला दिलं.

वाडग्यात जिकडे तिकडे जीव होते. जोंधळ्याच्या कण्यांसारखे पांढरे, उड्या मारणारे. कोळंबीसारखे पण नखाच्या अर्ध्याएवढे, कुशीवर पोहणारे. एकाच्या पोटाखाली अंडी होती, मोहरीहून बारीक, आणि तो ती पायांनी ढवळत होता. तळाशी एक तारामासा, टिकलीएवढा, एक बाहू तुटलेला आणि त्या जागी नवीन कोंब आलेला. केसाएवढा एक किडा डोक्यावर पिसांचा पंखा उघडून बसला होता, भिंगाची सावली पडली की मिटायचा.

"हे कुठून आले?" मामंजींनी विचारलं. "आपण तर मागवले नव्हते."

"दगडांबरोबर आले असतील. डोळ्यांनाही दिसणार नाहीत असे."

"आणि एवढे दिवस इथेच होते? मी दगड घासत होतो तेव्हाही?"

"तेव्हाही. फार थोडे असतील. आता यांना राहायला जागा मिळाली. वरचे मासे यांतलेच थोडे खातात, पंपातून वर गेले की."

"म्हणजे आता मासे उपाशी नाहीत."

"नाहीत."

त्यांनी मान हलवली. गोळ्या बंद झाल्यापासून ती गोष्ट त्यांच्या मनात असणार, हे मला तेव्हा जाणवलं.

आमचे हे चहा घेऊन आले. कप खिडकीत ठेवून त्यांनीही भिंग घेतलं, आणि गणित शिकवणारा हा माणूस सवयीने मोजायला लागला आणि थोड्या वेळाने मोजायचा थांबला. चहावर साय आली.

शेवटी मी वाडगं उचलायला गेले तर मामंजी म्हणाले, "थांब, मी सोडतो." त्यांनी शेवाळाचा गुंता पाण्यात दहा दिशांना हलवला, एकही जीव अडकून राहायला नको म्हणून. मग दोन्ही हातांनी वाडगं धरून ते कपाटापुढे गुडघ्यांवर बसले. त्या गुडघ्यांवर, ज्यांनी त्यांना घाटावर जाऊ दिलं नव्हतं. वाडगं तिरकं करून धार धरली. पाणी संपल्यावर त्यांनी तळ बघितला. तारामासा तिथेच चिकटून बसला होता.

"याला घाई नाही," ते म्हणाले, आणि तो आपणहून सुटेपर्यंत वाडगं पाण्यात बुडवून धरून बसले.